भाड्याचं घर आणि मालकाची पाहणी: वाचकांचे प्रश्न

आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आली की कोकणात घराच्या पाहणीवरून वाद सुरू होतात. मालकाला कौलांची काळजी, भाडेकरूला आपल्या दाराची. या वेळच्या पत्रांत हाच विषय जास्त होता. उत्तरांत 'भाडे नियंत्रण कायदा' असं म्हटलं आहे तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ समजावा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

प्रश्न : चिपळूणला एका चिरेबंदी घराच्या मागच्या दोन खोल्या मी अकरा महिन्यांच्या करारावर घेतल्या आहेत. मालक पुढच्या बाजूला राहतात. मी शाळेत गेले की ते त्यांच्याकडच्या चावीने आत येतात. कधी खिडक्या उघडलेल्या, कधी शेगडी सरकवलेली दिसते. विचारलं तर 'घर आमचंच आहे, बघायला नको?' म्हणतात. मी कुलूप बदलू शकते का? (शिक्षिका, चिपळूण)

बदलू शकता, पण आधी लेखी कळवा. नुसतं कुलूप बदललंत तर भांडण कुलपाचं होईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ मालकाला घर पाहण्याचा हक्क देतं, तो नाकारून चालणार नाही. मात्र त्याच कलमात दोन अटी आहेत: वेळ वाजवी हवी आणि आधी सूचना दिलेली हवी. मालक म्हणतील, 'तुम्ही भाडेकरू कुठे, तुम्ही लायसन्सी, ताबा आमचाच.' हे अर्धं खरं आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये जागेत तुमचा हितसंबंध तयार होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. पण कलम २८ मध्ये भाडेकरूबरोबर लायसन्सीही आहे, त्यामुळे सूचना तुम्हालाही द्यावीच लागते. करारही काढून वाचा. ऑनलाइन नोंदणीच्या साच्यात पाहणीचं कलम बहुधा असतंच आणि तिथेही 'सूचना देऊन' असंच असतं. सही करताना ते पान कुणी वाचत नाही, एवढंच.

एक गोष्ट तपासून घ्या. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नावं असलेल्या शहरांना आणि गावांना लागू आहे, राज्यभर सरसकट नाही. तुमचं ठिकाण त्यात नसेल तर भाडेकरूसाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याच्या कलम १०८ नुसार भाडं भरणाऱ्याला जागा बिनअडथळा वापरू द्यायची असते आणि मालकाला 'वाजवी वेळी' येऊन जागेची स्थिती पाहू द्यायची असते. अशा गावातल्या लायसन्सीला मात्र करारातल्या शब्दांवरच उभं राहावं लागतं. म्हणून करारात पाहणीचं कलम नीट लिहिलेलं असणं खेड्यात शहरापेक्षा जास्त महत्त्वाचं.

'वाजवी वेळ' म्हणजे किती ते या दोन्ही कायद्यांत आकड्यात दिलेलं नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना आणि तीत कारण, तारीख, वेळ असं स्पष्ट आहे. महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे हे २४ तास तुमच्या मालकांवर आपोआप बंधनकारक नाहीत. पण मोजमाप म्हणून ते धरायला हरकत नाही.

आता करायचं काय? पहिला निरोप व्हॉट्सॲपवर, सौम्य शब्दांत आणि तारखेसह: 'अमुक तारखांना माझ्या गैरहजेरीत खोल्या उघडल्या गेल्या. पाहणीला हरकत नाही. किमान एक दिवस आधी कळवावं, मी घरी असताना यावं. शनिवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी मी असते.' सोयीची वेळ स्वतःहून दिलीत की 'ही पाहणीच करू देत नाही' हा आरोप टिकत नाही. आठवड्याभरात फरक पडला नाही तर हाच मजकूर कागदावर, पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. मालक भिंतीपलीकडे राहत असले तरी टपालानेच. हातात दिलेल्या पत्राची पोच कुणी देत नाही.

त्यानंतर कुलूप. करारात 'मालकाला एक चावी द्यावी' असं असेल तर ती द्यावीच लागेल. नसेल तर दाराला नवी भोकं न पाडता जुन्याच कोयंड्यात बसेल असं कुलूप घाला. लॅच असेल तर फक्त आतलं सिलिंडर बदलून घ्या. जुनं कुलूप चाव्यांसकट पिशवीत ठेवा, घर सोडताना परत करायचं आहे. एक चावी पाकिटात घालून पाकिटाच्या झाकणावर दोघांच्या आडव्या सह्या करा आणि वर 'आग, गॅसगळती, पूर अशा प्रसंगीच उघडावे' असं लिहून ते मालकांकडे द्या. पाकीट फाटलेलं दिसलं की काही विचारायची गरज उरत नाही. मालकांचा 'अडीअडचणीला चावी हवी' हा मुद्दा खोटा नसतो, त्याला हे उत्तर पुरतं.

आपल्या खोलीत आतल्या बाजूला कॅमेरा लावायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही, पण तसं पत्रात कळवून लावा. चित्रण आणि व्हॉट्सॲप संदेश मूळ फोनमध्येच ठेवा. न्यायालयात ते द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत.

पोलिसांत जाता येतं, पण तिथे 'ही दिवाणी बाब आहे' असं ऐकायची तयारी ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खालच्या गृहअतिक्रमणात नुसतं आत शिरणं पुरत नाही, गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. म्हणूनच आधीची दोन पत्रं लागतात. लेखी हरकत घेतल्यावरही कुणी आत शिरलं तर 'सहज बघायला गेलो' म्हणणं अवघड जातं. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. चौकशीचा क्रमांक १५१००.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो. मालवणजवळचं कौलारू घर भाड्याने दिलं आहे. पावसाआधी छप्पर बघायला दरवर्षी यावं लागतं. यंदा भाडेकरू 'सध्या जमणार नाही' एवढंच सांगतो. घर आमचं, आणि आम्हीच बाहेर उभे? (घरमालक, मुंबई)

तुमची काळजी रास्त आहे. तरीही कुलूप तोडून किंवा दुसऱ्या चावीने आत जाऊ नका. ताब्यातून हुसकावलं असं भाडेकरूने म्हटलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्नच निघत नाही.

आधी हे बघा की नकार कशाला आहे. पाहणीला की निरोपाच्या पद्धतीला? 'उद्या येतोय' असा रात्री नऊचा फोन आणि बरोबर गाडीभर नातेवाईक, हा चाकरमान्यांचा शिरस्ता असेल तर भाडेकरूचं चुकत नाही. सूचनेत पाच गोष्टी लिहा: तारीख, वेळ, साधारण किती वेळ लागेल, कोण कोण येणार आणि काय बघणार. 'रविवारी सकाळी दहा ते अकरा, मी आणि सुतार, माळा, वासे, पन्हळी आणि विजेचा बोर्ड' एवढं पुरे. शिवाय पर्यायी दोन तारखा द्या. ही सूचना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेली पाहिजे. मे संपत आला की कौलं परतणारे गडी मिळत नाहीत आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात असतो.

कौलं वरून बघायला घरात पाऊलही टाकावं लागत नाही, खळ्यातून शिडी लावून काम होतं. तेवढं करायला भाडेकरू अडवत असेल तर त्याची बाजू कमजोर आहे. आत बघायचं ते थोडंच असतं. गळती बहुतेक वेळा सरळ उतारात नसते. ती आढ्यावरच्या कोन्यांच्या सांध्यात, दोन छपरं मिळतात त्या पन्हळीत आणि भिंतीला छप्पर टेकतं तिथे असते. माळ्यावर बॅटरी मारून वाशांवर काळे ओघळ दिसतात का ते बघा. वाशांची टोकं चिऱ्याच्या भिंतीत शिरतात तिथे वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात. दिसली तर टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचा, तो सहज आत गेला तर वासा बदलायचा. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारं यंत्र, असेल तर त्याचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा, ते पडलंच पाहिजे. दमट घरात धक्का बसण्याचा धोका पावसाळ्यात वाढतो आणि हे बटण वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही. हे सगळं पाऊण तासात होतं. कपाटं, ट्रंका, कागदपत्रं, फ्रिज यांना हात लावायचं कारण नाही. फोटो फक्त भिंत, छप्पर, वायरिंगचे, आणि तिथल्या तिथे भाडेकरूला दाखवून. त्याच्या घरातली माणसं किंवा सामान आलेला फोटो पुसून टाका. निघताना दोन प्रतींत टिपण करून दोघांनी सह्या कराव्यात.

या टिपणावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, भाडेकरूच्या चुकीने झालेली खराबी मालकाने लेखी दाखवून दिली, तर भाडेकरूने ती तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यायची असते. उलट छप्पर, भिंती वगैरे राहण्याजोगं ठेवणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार तुमचं काम आहे. तुम्ही टाळाटाळ केलीत तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाला भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंत. महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२,००० आणि वळती जास्तीत जास्त १८,०००. भाडेकरू पाहणीच करू देत नसेल तर गळतीचा दोष तुमच्यावर येऊ नये, म्हणूनही नकार लेखी घ्या.

पोचपावतीसह दुसरी सूचना पाठवूनही दार उघडलं नाही तर वकिलाची नोटीस, आणि मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे पाहणी करू देण्याच्या आदेशासाठी अर्ज. पाहणी नाकारली एवढ्यावरून घर खाली करून मिळत नाही, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ च्या कारणांत ते नाही. विनापरवाना पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू, घराची नासधूस ही कारणं मात्र आहेत. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर मुदत संपेपर्यंत करारातलं रद्द करण्याचं कलम लावा. मुदत संपूनही माणूस राहिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते.

प्रश्न : वडिलोपार्जित घर बँकेतल्या एका कुटुंबाला दिलं आहे. देव त्याच घरात आहेत. गणपतीला आम्ही दहा-बारा जण येणार. भाडेकरूने पाच दिवस जुळवून घ्यायला नको का? (रत्नागिरी तालुका)

कायद्याने नको. गणपती ही पाहणी नव्हे. करारात काही लिहिलेलं नसेल तर माजघरात मूर्ती बसवणं भाडेकरूच्या राजीखुशीवर आहे, आणि त्याने हो म्हटलं तर त्याचे आभार माना.

पुढच्या करारात मात्र हे नीट बसवता येतं. देवाची खोली भाड्यातून वगळा. 'माजघराच्या पूर्वेची खोली दिलेल्या जागेत समाविष्ट नाही' असं लिहा, नकाशावर ती खोली रेघा मारून दाखवा, तिला वेगळं कुलूप. तिथे जायचा रस्ता भाडेकरूच्या खोल्यांतून असेल तर तो कोणता आणि कधी वापरणार तेही लिहा. पडवीतून दार पाडता आलं तर उत्तमच, निम्मे तंटे तिथेच मिटतात. रोजच्या दिवाबत्तीला कोण येणार त्याचं नाव आणि वेळ द्या. सणासाठी दिवस मोजून लिहा: गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, किती माणसं, न्हाणी-संडास कुठला, स्वयंपाक कुठे, विजेचं रीडिंग आधी आणि नंतर. त्या महिन्याच्या भाड्यात सूट ठरवा. शिमग्याला पालखी घरी येत असेल तर तेही आत्ताच लिहून टाका, नाहीतर फाल्गुनात पुन्हा हीच चर्चा.

प्रश्न : घराला सात सहहिस्सेदार. भाडं चुलतभाऊ घेतो. पण प्रत्येक जण 'माझंही घर आहे' म्हणत येऊन बघून जातो. भाडेकरूने कितीजणांना दार उघडायचं? (भाडेकरू, देवगड)

एकाला. करारावर ज्याची सही आहे आणि जो भाडं घेऊन पावती देतो, तुमचा व्यवहार त्याच्याशी. बाकीच्यांचा घरात हिस्सा असेल, पण पाहणीला त्यांनी त्याच्यामार्फत, त्याच्या सूचनेत नाव घालून यावं. चुलतभावाला एकदाच लिहा: 'पाहणीस येणाऱ्यांची नावं आपल्याकडूनच यावीत.' त्यांच्या वाटणीच्या वादात साक्षीदार होऊ नका. भाडं दोघांनी मागितलं तर मात्र लेखी विचारल्याशिवाय कुणालाच देऊ नका. आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या, ती देणं मालकावर बंधनकारक आहे.

प्रश्न : मालकांनी ओटीवर सीसीटीव्ही बसवला. तो आमच्या दाराकडे आणि न्हाणीच्या खिडकीकडे बघतो. गोपनीयता मूलभूत हक्क आहे ना? (गुहागर)

आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तसा निर्णय दिला. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात. घरमालकाला पत्र लिहिताना तो निकाल पहिल्या ओळीत घालून फारसं हाती लागत नाही. तुमच्या कामाचे कायदे साधे आहेत. सामाईक फाटक, जिना, गाड्यांची जागा यांवर कॅमेरा चालतो. तुमच्या उघड्या दारातून आतलं दिसतं असा कोन चालवून घेऊ नका. न्हाणीच्या खिडकीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. स्त्रीचं खासगी क्षणी चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षं शिक्षा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. कॅमेऱ्याच्या जागेचा फोटो काढा, मोबाइलवर त्याचं चित्र मालकांनाच दाखवायला सांगा. बहुतेक वेळा कोन वळवणं किंवा ॲपमधून तेवढा भाग काळा करणं पुरतं. चित्र दाखवायला नकार दिला तर थेट पोलीस ठाणं, इथे 'दिवाणी बाब' हे उत्तर बसत नाही.

प्रश्न : घर आम्हाला, आगर मालकांचं. नारळ पाडायला माणसं कधीही मागच्या दाराशी येतात. (वेंगुर्ले)

आगर भाड्यात नसेल तर तिथे जायला सूचना लागत नाही. पण वाट तुमच्या परसातून, न्हाणीला लागून जात असेल तर वाट आणि वेळ ठरवून घ्या. नारळ महिना-दीड महिन्यातून एकदाच पाडायचे असतात, आदल्या दिवशी एक फोन करणं कुणाला जड नाही. विहीर आणि पंप कुणाच्या वाट्याचे तेही याच कागदावर लिहा.

प्रश्न : करार संपायला दोन महिने आहेत. मालक रोज नवीन गिऱ्हाईक घर दाखवायला आणतात. (अलिबाग)

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ मध्ये 'पाहणी' आहे. घर विकायला किंवा पुन्हा भाड्याने द्यायला दाखवणं त्यात आपोआप येतं असं मालकांनी धरू नये. करारात कलम असेल तर ते पाळा. नसेल तर शेवटच्या ३० दिवसांत, आठवड्यातून दोनदा, दिवसाउजेडी, तुम्ही घरी असताना, असा तोडगा सुचवा. साफ नकार देऊ नका. डिपॉझिट अजून त्यांच्याकडे आहे.

प्रश्न : भाडेकरू गावी, घराला कुलूप, आणि वाशिष्ठीचं पाणी चढतंय. तेव्हाही सूचना द्यायची का? (चिपळूण)

२२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या गावाला हा प्रश्न पडणारच. फोन करा. लागला नाही तर संदेश टाका आणि आत जा. कायद्यात इथे वेगळं कलम नसलं तरी जीव आणि घर वाचवायला गेलेल्या मालकाचा हेतू उघड असतो. शेजारचे दोन जण बरोबर घ्या, दार उघडण्याआधीपासून मोबाइलवर चित्रण सुरू ठेवा. आधी मेन स्विच बंद करा, पण पाणी बोर्डापर्यंत पोचलेलं असेल किंवा पायाखाली पाणी असेल तर त्याला हात लावू नका, महावितरणला कळवून बाहेरून वीज बंद करून घ्या. गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलंही बंद करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ लावा. सामान उचलायचं झालं तर माळ्यावर आहे तसं ठेवा, पेट्या उघडू नका. कुलूप तोडावं लागलं तर नवं लावून चावी त्या दोघांपैकी एकाकडे द्या, आणि काय केलं ते त्याच दिवशी भाडेकरूला लिहून पाठवा.

प्रश्न : पाहणीवरून वाद झाला आणि मालकांनी पंपाचं पाणी बंद केलं. (सावंतवाडी)

हे त्यांना भारी पडेल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातले दिवे, सफाई अशा आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम किरकोळ वाटते, पण तुमच्या कामाचा भाग वेगळा आहे: न्यायालयाकडे अर्ज केला की सेवा पुन्हा सुरू करण्याचा आदेश मिळू शकतो. अर्जाला भाड्याच्या पावत्या, पाणी बंद झाल्याची तारीख-वेळ आणि शेजाऱ्याचं निवेदन जोडा. तोवर भाडं थांबवू नका. हातात घेत नसतील तर बँकेत जमा करा किंवा मनीऑर्डर करा आणि पावती जपून ठेवा. थकबाकीदाराचा अर्ज न्यायालयात पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.